बाभूळदऱ्याचं वंगण

काश्मीरला जाऊन आलेली मंडळी परतल्यावर बर्फाचं वर्णन करतात, काशीला जाऊन आलेली गंगेचं. मी नुकताच बाभूळदऱ्याला जाऊन आलो. हे गाव नकाशात शोधण्याच्या फंदात वाचकांनी पडू नये. नगरहून पाथर्डीच्या सडकेनं निघावं, करंजीचा घाट उतरावा, तिसगाव मागे टाकावं आणि पुढे जिथे सडक सोडावीशी मुळीच वाटत नाही तिथे ती सोडावी. दोन कोसांवर बाभूळदरा येतो. तिथे सारं जग बैलगाडीनं जातं. मोटारीनं पोचलेलं पहिलं कुटुंब आमचं, आणि ते कसं पोचलं हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी मोटारीविषयी सांगायला हवं. नगरच्या कापडबाजारात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. कॅम्पातला एक गोरा साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा वडिलांनी त्याच्या भिंतीवरच्या घड्याळांबरोबर त्याची जुनी मोटारही पदरात पाडून घेतली. कापडी टपाची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची. साहेबानं ती आधीच भरपूर पिदडली होती. वडील घरात उभे असत त्याहून जास्त वेळ तिच्याखाली आडवे असत, त्यामुळे आई तिला सवत म्हणायची.

ही सवत एकदा फार नडली. बारा वर्षांपूर्वी बाभूळदऱ्याला मामांच्या मुलाचं लग्न निघालं. आई मामांची एकुलती एक बहीण, म्हणजे नवरदेवाची आत्या. तिच्यावाचून तिथे पान हलायचं नाही. वडील म्हणाले, मोटारीनं ऐटीत जाऊ. घाटाच्या अलीकडे पुढचं डावं चाक आमच्या आधीच लग्नाला निघालं. चाकाच्या मध्यातलं बेअरिंग ढिलं पडून नट उलगडला होता. चाक सडक सोडून खाली ओढ्यात जाऊन पडलं. आई पैठणी नेसून, आहेराचं ताट मांडीवर धरून, सडकेच्या कडेच्या कडुलिंबाखाली दिवसभर बसली. कुणाची तरी बैलगाडी मिळून आम्ही पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि मांडवात कुत्री फिरत होती. मामांनी बहिणीसाठी मुहूर्त टळू दिला होता, भावकीत मान खाली घातली होती. ते चार माणसांत म्हणाले, "भैनीला भावापरीस डबडं मोठं झालं." आई पाणी न पिता त्याच बैलगाडीत परत बसली.

तेव्हापासून ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळू लागली. ज्यांना भाऊ नाही त्या बायका ओवाळतात तसं; आणि इकडे थोरला भाऊ शेतात धडधाकट नांगर धरून होता. वडील गेले तेव्हा मामा आले, ओट्यावर बसले, माझ्या पाठीवरून हात फिरवून गेले. भावाबहिणीत शब्द झाला नाही.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, टायर मिळेनात, तेव्हा मोटार शेडमध्ये कोंबड्यांच्या स्वाधीन झाली. लढाई संपल्यावर लष्कराचं भंगार लिलावात निघू लागलं आणि मला हुक्की आली. शेजारचे हुसेनभाई टांग्यांची चाकं बनवतात. वडिलांचे जुने दोस्त. मोटारीचे कुजलेले आरे त्यांनी बाभळीच्या लाकडात नवे केले. इंजिन मी खोललं, भंगारातून मापाची नवी बेअरिंगं शोधून आणली, आणि वर्षभर दोघांनी एकमेकांच्या कामाला नावं ठेवत गाडी उभी केली.

या संक्रांतीनंतर बाजाराला आलेल्या एका माणसाबरोबर मामांचा निरोप आला. हुरडा आलाय; ते डबडं चालत असेल तर त्यातच ये म्हणावं, नसेल तर बैलगाडी धाडतो. मामांचा स्वभाव पाहता ही माफी मागितल्यासारखीच होती. दोन दिवसांनी तांदूळ निवडता निवडता आई म्हणाली, "मोटारीनंच जाईन. पोचली तर दादाकडचं पाणी पिईन. वाटेत बंद पडली तर तिथूनच मागे फिरेन, आणि मग हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. आणि मुक्काम करायचा नाही. दिवस मावळायच्या आत परत."

म्हणजे आईचं माहेर माझ्या चार चाकांवर येऊन ठेपलं.

नगर ते करंजी घाट

भीती माणसाला शहाणं करते म्हणतात. मला तिनं मूर्ख केलं. मागच्या वेळी नट ढिला राहून चाक गेलं, तेव्हा या वेळी मी पाना लावून नट असा आवळला की दोन्ही हातांनी धरून हलवलं तरी चाक तसूभर हलेना. चारी चाकं तशीच. नटाच्या खाचेत पिन अडकवली, वर ग्रीसची पितळी टोपी ठोकली, आणि हुसेनभाईंना म्हटलं, आता आरे मोडतील पण बेअरिंग हलायचं नाही. हुसेनभाईंनी हे मनाला लावून घेतलं आणि आऱ्यांची अब्रू सांभाळायला ते स्वतःच बरोबर निघाले.

सकाळी थंडी कडाक्याची होती. आईनं बरोबर दशम्या, शेंगांची चटणी आणि तिळगुळाचा डबा घेतला. एवढंच. अंगावरच्या लुगड्याखेरीज दुसरं लुगडं घेतलं नाही, म्हणजे मुक्कामाचा आग्रह कुणी केलाच तर सबब तयार. भिंगार ओलांडेपर्यंत ती डोळे मिटून बसली होती. वाऱ्यानं पदर उडतो म्हणून मिटलेत असं तिचं म्हणणं.

मेहेकरीला मी गाडी उभी करून चाकं हलवून पाहिली. जराही हलत नव्हती. मी हुसेनभाईंकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. त्यांनी आऱ्यांवर टिचक्या मारून आवाज ऐकला आणि माझ्याकडे तशाच मुद्रेनं पाहिलं. एका मळेकऱ्यानं आम्हाला बोरं आणून दिली आणि मोटारीला काय चारता म्हणून विचारलं. कुपनावर मिळतं ते, म्हटलं. मग तुमचे हाल आमच्यापेक्षा वाईट, असं म्हणून त्यानं आणखी एक ओंजळ बोरं दिली. नगरात ओळखीचा माणूससुद्धा बोरं मोजून देतो.

पुढे तो लिंब आला. आईनं पदराचं टोक मुठीत आवळलं होतं. झाड मागे पडल्यावर तिनं मूठ सोडली आणि डब्यातून आम्हा दोघांना एकेक तिळगूळ काढून दिला. खरं सांगतो, मला त्या वेळी वडिलांची फार आठवण झाली. त्यांना हा तिळगूळ मिळायला हवा होता.

आनंद घाटाच्या दुसऱ्या वळणापर्यंत टिकला. करंजीचा घाट नगरकडून जाताना उतरायचा असतो. खाली रब्बीची ज्वारी पिवळसर हिरवी पसरलेली, मधून मधून करडईचे पट्टे, आणि पलीकडे पाथर्डीकडचे बोडके डोंगर. हे सारं पाहायला सांगण्यासाठी मी तोंड उघडलं आणि हुसेनभाई म्हणाले, "वसंता, काहीतरी जळतंय. लाकूड नाही. लाकडाचा वास मला कळतो."

मी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. पुढच्या डाव्या चाकाच्या टोपीला बोट लावलं आणि तोंडात घातलं. टोपी तव्यासारखी तापली होती आणि खालून वितळलेलं ग्रीस काकवीसारखं गळत होतं. चाक तेच, डावं.

मागच्या बाकावरून आईनं विचारलं, "थांबली?"

"थांबवली," मी म्हटलं. "मी थांबवलीय."

या दोहोंत किती अंतर आहे याचा तिनं थोडा विचार केला आणि सध्यापुरतं ते मान्य केलं. पण पायाशी ठेवलेला डबा उचलून मांडीवर घेतला. आहेराचं ताट घेतलं होतं तसाच.

गाडी सरकू नये म्हणून चाकांखाली दगडांची उटी लावली, जॅक चढवला आणि चाक निवण्याची वाट पाहत बसलो. हुसेनभाई बिडी ओढत होते. ते सहज विचारल्यासारखं म्हणाले की घड्याळातलं चाक तू असंच आवळतोस काय? मी ताडकन उठलो. घड्याळातल्या चाकाला आसावर केसभर खेळ ठेवला नाही तर घड्याळ चालतच नाही. हे मी वयाच्या बाराव्या वर्षापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक हौशी माणसाला ऐकवत आलो आहे. बोटाच्या नखाएवढ्या चाकात जे जपतो ते मोटारीच्या चाकात विसरलो, कारण मोटारीच्या चाकाची मला भीती वाटत होती. लष्करी वर्कशॉपातल्या ओळखीच्या फिटरानंही हेच सांगितलं होतं. मी ऐकून मान डोलावली होती आणि घरी येऊन आवळायचं तेवढं आवळलं होतं.

चाक निवल्यावर टोपी काढली, पिन ओढली, नट सैल केला. नशीब बलवत्तर, बेअरिंग जळलं नव्हतं. डब्यातलं नवं ग्रीस भरलं. मग एका हातानं चाक फिरवत ठेवून दुसऱ्या हातानं पाना लावत गेलो; चाक जड होऊ लागलं तिथे थांबलो, आणि नट एक खाच मागे घेतला. पिन घातली. चाकाला वर एक हात, खाली एक हात धरून हलवलं. ते किंचित हललं. किंचित म्हणजे, डोळ्याला दिसावं की नाही अशा बेतानं, पण हाताला कळावं एवढं.

आई शेजारी येऊन उभी होती. "हललं," ती म्हणाली. "मागच्या खेपेला हललं म्हणूनच गेलं ना?"

मी तिचे हात चाकाला लावले आणि हलवायला सांगितलं. मागच्या वेळी ते डुगडुगत होतं, हे एवढंच हवं. मुळीच हलू दिलं नाही तर चाक आतल्या आत जळतं, असं समजावलं. तिनं वर हात, खाली हात धरून दोनदा हलवून पाहिलं. मग गाडीत बसताना डबा पुन्हा पायाशी ठेवला. उरलेली तीन चाकंही तशीच सैल केली, तोवर ऊन चांगलं तापलं. घाट उतरून करंजीला चहा घेतला. टोपीला बोट लावलं. कोमट होती. हे बोट लावणं मी पुढे इतक्या वेळा केलं की हुसेनभाई मला वैद्यबुवा म्हणू लागले.

बाभूळदरा

तिसगावच्या पुढे सडक सोडली. पुढची वाट बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांची, आणि बैलगाडीच्या चाकांमधलं अंतर साहेबाच्या मोटारीला विचारून ठरवलेलं नसल्यामुळे आमचं एक चाक चाकोरीत आणि एक गवतात, असा कलता प्रवास झाला. या वाटेवर दोन गोष्टी घडल्या. मागे पोरांची आणि कुत्र्यांची मिरवणूक जमली, आणि आईची भाषा बदलली. नगरात 'आहे' म्हणणारी माझी आई, वाटेवरच्या एका म्हातारीला ओळखून, "हाय का बरी?" असं ओरडली. मला वाटलं दुसरीच कोणी बाई गाडीत बसली आहे.

मामा गावाबाहेर वडाखाली उभे होते. कधीपासून, ते कुणी सांगितलं नाही, पण त्यांच्या पटक्यावर वडाची पिकली पानं पडली होती. गाडी थांबली तसे ते आधी बहिणीकडे आले नाहीत. मोटारीला एक पूर्ण फेरी घातली. मग म्हणाले, "आलं की डबडं."

"आलं," आई म्हणाली.

घरी मामी भाकरतुकडा घेऊन दारात उभ्या होत्या. तो आईवरून ओवाळून टाकला, आणि थोड्या विचारानं दुसरा तुकडा मोटारीवरूनही टाकला. मामांनी तांब्या स्वतः भरून आणला. आईनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्यानंच, न थांबता, घटाघटा सगळा प्याली. बारा वर्षांची तहान होती ती. मामा पटक्याच्या शेवानं डोळे पुसत, धुरानं पाणी येतं असं म्हणाले. चूल आत होती आणि आम्ही अंगणात होतो.

हुरडा मी नगरातही खाल्ला आहे. पुडीतून येतो, गार झालेला असतो आणि त्याला आपण चांगला म्हणतो. बाभूळदऱ्याला रानातच आगटी पेटवतात. जमिनीत खड्डा, त्यात शेणकुटांचा विस्तव, विस्तवात ज्वारीची कोवळी कणसं. भाजलेलं कणीस मामा तळहातावर चोळत, फुंकर मारून कोंडा उडवत आणि हिरवे गरम दाणे आपल्या हातून बहिणीच्या हातात ओतत. बरोबर लसणाची चटणी, गूळ आणि मडक्यातलं दही. तिचे हात भाजत होते, पण तिनं हात मागे घेतला नाही. दुपारी हुलग्याचे शेंगोळे झाले. हुसेनभाईंनी तीनदा वाढून घेतले आणि उपकाराची फेड म्हणून गावातल्या यच्चयावत बैलगाड्यांच्या आऱ्यांवर टिचक्या मारायला निघून गेले. मी घरामागच्या झाडाखाली घोंगडीवर आडवा झालो, आणि इथेच घात झाला.

उठलो तेव्हा उन्हं कलली होती. आई निघण्याची घाई करत होती. मामींनी ओटी भरली. मुक्कामाचं मामांनी एकदाच विचारलं. आई म्हणाली, दुसरं लुगडं आणलेलं नाही. ते खरंच होतं. ती ओटीचा नारळ सांभाळत मागे बसली. मामांचं अंगण वाटेकडे उतरतं आहे, आणि उताराच्या टोकाला कडब्याची गंजी. हुसेनभाईंनी चाकांखालचे दगड काढले. मी ब्रेकवर पाय ठेवला होता. गाडी तरीही निघाली.

मी ब्रेक दाबला. पाय लोण्यात गेल्यासारखा गेला. हातातला ब्रेक ओढला, तोही तसाच. गाडी काही घाईत नव्हती. अगदी संथपणे, एखादी म्हैस गोठ्यात शिरावी तशी, ती कडब्याच्या गंजीत शिरली आणि तिथे उभी राहिली. वरून दहावीस पेंढ्या आईच्या अंगावर पडल्या. पेंढ्यांतून फक्त नारळ धरलेला हात वर दिसत होता.

मी उतरून चाकं पाहिली. चारीच्या चारी काळ्या तेलानं निथळत होती. आऱ्यांवरून, टायरांवरून ओघळ आले होते, जमिनीवर थारोळी होती. मी डोकं वर केलं. समोर मामा उभे होते. हातात बैलगाडीच्या वंगणाचा बांबूचा नळा. त्यात एरंडेल आणि चिंध्यांची काजळी.

"चारी चाकांना घातलंय," ते अभिमानानं म्हणाले. "फट दिसंल तिथं घातलंय. हात राखून न्हाई घातलं."

मग मला उलगडा झाला. त्या भागात रीत आहे की माहेरवाशिणीची गाडी कोरडी जाऊ द्यायची नाही. निघताना भावानं स्वतःच्या हातानं तिच्या गाडीच्या आखाला वंगण घालायचं. चाकं कुरकुरत सासरी पोचली तर लोक म्हणतात, हिला माहेरी कुणी विचारलं नाही. मागच्या वेळी आई परक्याच्या गाडीतून कोरडीच गेली होती. मामांनी आज मी झोपल्याचं पाहून, कुणाला कष्ट न देता, गुडघ्यांवर बसून चारी चाकांत वंगण ओतलं होतं. त्यांनी ते चाकातल्या ब्रेकच्या पट्ट्यांवर ओतलं होतं, आणि तेल लागलेला पट्टा चाकाला धरत नाही.

मला संताप आला. वर्षभराची मेहनत, नवा रंग, घाटातली धास्ती, सगळं एकदम डोक्यात गेलं. ब्रेक गेले मामा, असं मी जरा मोठ्यानंच म्हटलं. असली गाडी सडकेवर काढली तर माणसं मरतील, हेही म्हटलं. मामांचा चेहरा उतरला. नळा हळूच पाठीमागे गेला. "म्हंजी पुन्यांदा माझ्याच दारात..." एवढं म्हणून ते थांबले. भोवतीची माणसंही थांबली. बारा वर्षांपूर्वीचं सगळं त्या अंगणात परत येऊन उभं राहिलं होतं, आणि ते आणणारा या वेळी मी होतो.

पेंढ्यांमधून दबका आवाज ऐकू आला. मला वाटलं आई रडते आहे. मी कडबा बाजूला केला तर ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. केसांत ज्वारीची पानं अडकलेली. मी तिला अशी हसताना कधी पाहिली नव्हती. ती गाडीतून उतरली, मामांच्या पाठीमागचा नळा ओढून घेतला, उलटा करून पाहिला. एक थेंबही उरला नव्हता.

"दादा," ती म्हणाली, "बारा वर्सांचं एकदम घातलंस व्हय रं?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि तेही हसू लागले. मग मामी, मग सगळं अंगण. आई माझ्याकडे वळून म्हणाली की ब्रेक काय ते सावकाश बघ. आणि मामींना म्हणाली, "वैनी, तुझं एक लुगडं दे."

वाढलेला मुक्काम

पुढचे दोन दिवस मी जे केलं ते मोटारीच्या कोणत्याही पुस्तकात नाही. ब्रेकचे पट्टे धुवायला पेट्रोल वापरावं तर परतीपुरतंच होतं, आणि घासलेटाची गावात टंचाई. मामींनी रिठे काढले. चारी चाकं उतरवून, पट्टे रिठ्याच्या गरम पाण्यात भिजत घातले, राखेनं घासले, उन्हात वाळवले. तरी तेल सुटेना. तेव्हा मामी म्हणाल्या, वांगं भाजताना पाणी सुटतं तसं तेल सुटेल. मग भाकरी झाल्यावर चुलीच्या निखाऱ्यांवर पट्टे ठेवले. खरोखरच तेल धूर होऊन निघालं. त्या रात्रीच्या भरिताला मोटारीचा वास होता, पण बोलणार कोण?

हुसेनभाईंचं मात्र म्हणणं असं की, बाभळीच्या आऱ्यांना एरंडेलाइतकं मानवणारं दुसरं काही नाही, आणि मामांनी अर्धं काम चांगलंच केलं. या वाक्यावर मामांनी त्यांना आणखी एक दिवस ठेवून घेण्याची तयारी दाखवली.

आई या दोन दिवसांत मला फारशी दिसलीच नाही. मामींचं हिरवं लुगडं नेसून ती सबंध गाव फिरली. मळ्यात गेली, विहिरीवर गेली, जुन्या मैत्रिणीच्या घरी जाऊन तिच्याशी भांडून आली. संध्याकाळी ती आणि मामा ओट्यावर बसत. काय बोलत कोण जाणे. एकदा कानावर आलं ते फक्त वडिलांविषयीचं होतं. मामा म्हणत होते की त्या दिवशी ओढ्यातनं चाक खांद्यावर घेऊन दाजी स्वतः वर आले होते, हे आपल्याला नंतर कळलं, आणि तेव्हाच यायला पाहिजे होतं. आईनं हुरड्याचे दाणे त्यांच्या पुढ्यात सरकवले.

निघायच्या सकाळी चाकं चढवली. मी मामांना बोलावलं आणि ग्रीसचा डबा पुढे ठेवला. या टोपीत भरायचं, म्हटलं, आणि हेच आमच्या गाडीचं वंगण. बाकी फटींकडे बघायचंही नाही. मामांनी बाही वर सारून चारी टोप्या बोटानं गच्च भरल्या, अंगठ्यानं दाबून बसवल्या. नंतर चाक हलवून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हालतंय की रं."

मी सांगायला तोंड उघडलं, पण आईच पुढे झाली. "तेवढं हालायलाच पायजे, दादा," ती म्हणाली. "न्हाईतर आतल्या आत जळतं." आणि वर एक हात, खाली एक हात धरून तिनं त्यांना हलवून दाखवलं.

परत

परतीचं सांगण्यासारखं फारसं नाही. घाट चढताना इंजिन कुरकुरलं, ब्रेक शहाण्यासारखे वागले, टोप्या थंड राहिल्या. सडकेच्या कडेच्या त्या लिंबापाशी आईनं गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून तिथे सावलीत बसून आम्ही मामींनी दिलेल्या दशम्या खाल्ल्या. हुसेनभाईंनी झाडाच्या खोडावर टिचकी मारली आणि लाकूड उत्तम असल्याचा निर्वाळा दिला.

नवी बेअरिंगं थोडी चालली की बसतात, आणि मग त्यांचा खेळ पुन्हा पाहावा लागतो. शिमगा झाल्यावर एका सकाळी मी पुढचं डावं चाक जॅकवर उचललं आणि पाना आणायला दुकानात गेलो. परत येतो तो शेडमध्ये आई. या शेडमध्ये तिनं वडिलांच्या हयातीत पाऊल टाकलं नव्हतं. चाकाला वर एक हात, खाली एक हात धरून ती उभी होती.

"वसंता, जास्त हलतंय रे हे," ती म्हणाली. "आणि कोरडंही वाटतंय."

मी चाक हलवलं. खेळ केसभर होता. जितका हवा तितकाच, घड्याळात ठेवतो तसा. टोपी काढली. आत ग्रीस गच्च भरलेलं होतं आणि त्यावर मामांच्या अंगठ्याचा ठसा जशाचा तसा होता. आईनं तो पाहिला. मीही पाहिला.

"हो," मी म्हटलं, "वंगण संपलंय."

"मग दादालाच दाखवावं लागंल," ती म्हणाली, आणि पिशवी भरायला आत गेली. या खेपेला तिनं बरोबर तीन लुगडी घेतली.